दुसऱ्यांदा घेतलेली परीक्षा

'श्रेयांक' हा शब्द आता आपल्याकडच्या शाळांच्या दारात येऊन उभा राहिला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो पुढे केला, २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक निघाली आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळा, महाविद्यालय आणि धंदेशिक्षण या तिन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडायचे ठरवले. बँक, वही, जमा, शिल्लक. या शब्दांशी आपल्या समाजाचा परिचय जुना आहे. सावकाराच्या वहीत आपल्या आज्या-पणज्यांच्या नावावर काय लिहिले जात होते आणि ते वाचता न आल्यामुळे काय घडत होते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. म्हणूनच नव्या वहीला हार घालण्याआधी, अशी वही जिथे सत्तर वर्षे चालू आहे त्या देशात ती कशी लिहिली गेली, कोणाची नावे तिच्यात सहज चढली आणि कोणाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह पडले, हे पाहिले पाहिजे असे मला वाटते.

तो देश अमेरिका. तिथे शाळेत शिकत असतानाच मुलाला महाविद्यालयाचे श्रेयांक मिळवता येतात. त्यासाठी 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाची व्यवस्था आहे. शाळेतच महाविद्यालयाच्या तोडीचा विषय शिकायचा, मे महिन्यात देशभर होणारी परीक्षा द्यायची, आणि एक ते पाच या श्रेणीत तीन किंवा त्याहून अधिक पडले की उत्तीर्ण समजायचे. पुढे ज्या महाविद्यालयात तो मुलगा जाईल, ते आपल्या नियमाप्रमाणे तेवढे श्रेयांक त्याच्या नावावर जमा करते. तो विषय पुन्हा शिकावा लागत नाही, तेवढी फी वाचते. श्रीमंताच्या मुलाला ही सोय आहे. गरिबाच्या मुलाचे एक सत्र वाचले तर घरावरचे तेवढे कर्ज टळते. इंग्रजीतल्या 'क्रेडिट' या शब्दाला आपण 'श्रेयांक' म्हणून एकच पैलू दिला. मूळ शब्दात बाजारातली पतही आहे आणि केलेल्या कामाचे श्रेयही आहे. माझ्या मते या लेखाचा विषय या तिसऱ्या आणि दुसऱ्या अर्थांच्या झगड्याचा आहे. श्रेय कमावलेल्या माणसाला पत का मिळत नाही?

हा झगडा ज्या कलाकृतीत सर्वांत उघडपणे आला, तो १९८८ चा 'स्टँड अँड डिलिव्हर' हा चित्रपट. दिग्दर्शक रामोन मेनेंदेझ. हायमे एस्कलांते या गणिताच्या शिक्षकाची भूमिका एडवर्ड जेम्स ओल्मोस याने केली आणि त्यासाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. २०११ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत गेला. शिक्षणावरच्या चित्रपटांत त्याला जवळजवळ धर्मग्रंथाचे स्थान आहे. धर्मग्रंथाची चिकित्सा केलेली भाविकांना आवडत नाही. पण चिकित्सा हेच आपले काम आहे.

आधी घडलेले काय ते पाहू. लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेला मेक्सिकन मूळच्या श्रमिकांची मोठी वस्ती आहे. तिथल्या गारफील्ड हायस्कुलात १९८२ साली १८ मुलांनी कॅल्क्युलसची ही परीक्षा दिली आणि अठराही उत्तीर्ण झाली. परीक्षा चालवणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेला संशय आला. काही उत्तरपत्रिकांत एका प्रश्नात एकसारख्या चुका होत्या. अठरांपैकी १४ जणांना नकलेचा संशयित ठरवून त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला सांगण्यात आले. बारा जणांनी ऑगस्टमध्ये ती दिली आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाली.

संशयाला कारणच नव्हते असे मी म्हणणार नाही. एकसारख्या चुका दिसल्यावर तपासनीस थबकणार. पण एका शिक्षकाच्या हाताखाली, एकाच पद्धतीने, शनिवार-रविवार न पाहता घोटवून घेतलेल्या मुलांच्या चुकाही एका घडणीच्या असणार, हे सुचायला फार बुद्धी लागत नाही. ते न सुचता आधी चोरी सुचते, इथे प्रश्न गणिताचा उरत नाही. श्रीमंत वस्तीतल्या मुलांवर हा प्रसंग आला असता का, असा प्रश्न चित्रपटातला एस्कलांते विचारतो. त्याला उत्तर मिळत नाही.

आपल्याला मात्र या प्रश्नाचे उत्तर आपल्या वाट्याच्या अनुभवातून ठाऊक आहे. मी शिकवत होतो त्या एका महाविद्यालयात गणितात पहिल्या आलेल्या आमच्या वस्तीतल्या पोराला एका प्राध्यापकांनी भर वर्गात फळ्यापाशी बोलावले आणि परीक्षेतलेच गणित पुन्हा सोडवायला लावले. त्याने सोडवले. दुसऱ्या आलेल्या मुलाला कोणी फळ्यापाशी बोलावले नाही. 'कोट्यातला' हा शब्द त्या वर्गात कोणी उच्चारला नव्हता. उच्चारावा लागत नाही. गुणवत्ता ही जन्माने मिळते असे मानणाऱ्या समाजात, ज्याच्या जन्मात ती नाही त्याच्याजवळ ती सापडली तर ती चोरीचा माल ठरते. द्रोणाचार्याने एकलव्याची परीक्षा घेतली नव्हती, त्याला शंका नव्हतीच. त्याने सरळ अंगठा मागितला. आजचा द्रोणाचार्य सभ्य आहे. तो अंगठा मागत नाही, फेरपरीक्षा मागतो.

चित्रपटाचे बळ इथेच आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. चौकशीला आलेले दोन अधिकारी गोरे दाखवलेले नाहीत. एक लॅटिनो आहे, एक कृष्णवर्णीय. मला हा या चित्रपटातला सर्वांत धीट तपशील वाटतो. व्यवस्थेच्या खुर्चीत आपल्यातलाच माणूस बसला की तो व्यवस्थेच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. त्याला वाईटपणा करायचा नसतो, तो फक्त नियम सांगतो. आपल्यातल्या किती साहेबांना या दृश्यात आपला चेहरा दिसेल! दुसरा तपशील पुस्तकांचा. आंखेल नावाचा एक टवाळ पोरगा मास्तरांकडे पुस्तकांचे तीन संच मागतो: एक घरी, एक वर्गात, एक शाळेतल्या कपाटात. कारण रस्त्याने पुस्तक घेऊन जाताना दिसलो तर टोळीतल्या दोस्तांत अब्रू जाईल. शिकणे ही जिथे लाजेची गोष्ट झाली आहे तिथे ती लाज कोणी पेरली, हे चित्रपट सांगत नाही. पण लाजेचे वजन त्याने अचूक मोजले आहे. आणि तिसरे दृश्य आना नावाच्या मुलीचे. बाप तिला शाळेतून काढून खानावळीत कामाला लावतो. मास्तर त्याच्याशी वाद घालतो. बापाचे म्हणणे साधे आहे: मी कष्टाने हा धंदा उभा केला, घरच्या माणसांनी तो चालवायचा. दिग्दर्शकाने बापाला खलनायक केले नाही, हे त्याचे मोठेपण.

शून्याचा प्रसंगही असाच. शून्याची कल्पना ग्रीकांना आणि रोमनांना जमली नाही, ती तुमच्या पूर्वजांना, माया लोकांना सुचली, असे मास्तर मुलांना सांगतो. गणित तुमच्या रक्तात आहे, ही त्याची भाषा मला मानवत नाही. रक्ताची भाषा कोणीही केली तरी ती शेवटी वर्णाचीच भाषा होते. तरीही या दृश्याने मला अस्वस्थ केले. आपल्याकडेही शून्याचा अभिमान सांगितला जातो. पण तो सांगणाऱ्यांच्या परंपरेने आमच्या आजोबांना एक ते दहाही मोजू दिले नाहीत. तिथे शून्य हिरावले गेलेल्यांना परत केले जात आहे, इथे ते हिरावणाऱ्यांच्या छातीवर बिल्ल्यासारखे मिरवते आहे.

इथपर्यंत चित्रपट आपला आहे. यापुढे मात्र तो आपल्याला फसवतो.

फसवणूक पहिली, काळाची. पडद्यावर साधे अपूर्णांक न जमणारी पोरे पाहता पाहता कॅल्क्युलस सोडवू लागतात. प्रत्यक्षात एस्कलांते १९७४ मध्ये गारफील्डला आला. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग त्याने १९७८ मध्ये सुरू केला, तेव्हा १४ मुले होती, शेवटपर्यंत पाच टिकली आणि दोनच उत्तीर्ण झाली. १९८२ ची अठरा मुले ही आठ वर्षांच्या मेहनतीची कमाई होती. खालच्या वर्गांचे बीजगणित सुधारावे लागले. बेंजामिन हिमेनेझसारखा सहकारी शिक्षक जोडीला होता. हेन्री ग्रादियाससारखा मुख्याध्यापक पाठीशी उभा राहिला. शेजारच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात उन्हाळी वर्ग भरवले गेले, म्हणजे शाळेची मुले महाविद्यालयाच्या वर्गात जाऊन बसली आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढू लागली. हे सारे पडद्यावर जवळजवळ नाहीसे झाले आहे. उरला तो एक चमत्कारी गुरू आणि त्याचे चिडवणे, ओरडणे, विनोद.

आपल्याला गुरूचे हे माहात्म्य अतिपरिचित आहे. ज्या संस्कृतीने गुरूला देव केले, तिने शाळा मात्र बांधल्या नाहीत. बाबासाहेबांनी चमत्कारी शिक्षकाची वाट पाहिली नाही. त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभे केले. शिक्षक बदलतात, संस्था टिकली तर पुढची पिढी शिकते. गारफील्डचे पुढे काय झाले ते पाहा. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर आकडे येतात: १९८२ मध्ये १८, १९८३ मध्ये ३१, आणि चढत चढत १९८७ मध्ये ८७. टाळ्या वाजतात, चित्रपट संपतो. खरी गोष्ट तिथे संपली नाही. मुख्याध्यापक बदलले. एस्कलांतेच्या वर्गात पन्नासाहून अधिक मुले बसू लागली आणि शिक्षक संघटनेच्या करारातल्या मर्यादेशी त्याचे भांडण झाले. १९९० मध्ये त्याचे गणित विभागाचे प्रमुखपद गेले, १९९१ मध्ये तो शाळा सोडून सॅक्रामेंटोला गेला, आणि काही वर्षांतच उत्तीर्णांची संख्या मूठभरावर आली. चित्रपट आला तेव्हा हे पुढचे घडायचे होते, तो दोष दिग्दर्शकाचा नाही. पण ज्या कथेत शिक्षक सोडून बाकी सगळे पुसले जाते, त्या कथेतच ही घसरण लिहिलेली होती.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. गारफील्ड हायस्कुलाला एस्कलांतेच्या आधीही इतिहास होता, आणि तो शिक्षकाने नव्हे, मुलांनी घडवला होता. मार्च १९६८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमधल्या गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन अशा शाळांतली हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्या काय होत्या? शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा नको, दोन्ही भाषांतून शिकवा. आमच्या लोकांचा इतिहास शिकवा. आणि आम्हाला फक्त सुतारकाम, शिवणकाम नको, महाविद्यालयात जाता येईल असे विषय शिकवा. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. साल कॅस्ट्रो या शिक्षकासह तेरा जणांवर कटाचे खटले भरले गेले. याच तरुणांनी, पूर्वी हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'चिकानो' हा शब्द उचलून आपल्या कपाळावर अभिमानाने लावला. 'दलित' या शब्दाचा प्रवास ज्यांना माहीत आहे त्यांना यावर भाष्य नको.

१९८२ च्या वर्गात कॅल्क्युलसचे पुस्तक पोचले ते या वाटेने. रस्त्यावर लाठी खाल्लेल्या मुलांची धाकटी भावंडे त्या बाकांवर बसली होती, असे म्हटले तर ते काळाच्या हिशेबाने चुकीचे ठरणार नाही. 'स्टँड अँड डिलिव्हर' मध्ये १९६८ चा एक शब्द नाही. तिथली वस्ती जणू झोपलेली होती आणि बाहेरून आलेल्या एका माणसाने तिला जागे केले! आपल्याबद्दल लिहिल्या गेलेल्या किती कादंबऱ्यांत हेच आहे. एखादे गुरुजी वस्तीत येतात, दिवा लावतात. वस्तीने स्वतः पेटवलेली चूल त्या लेखकांना दिसत नाही.

गंमत अशी की ही उणीव भरून काढली ती त्याच नटाने. स्वतः ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या ओल्मोसने २००६ मध्ये 'वॉकआउट' हा दूरदर्शन-चित्रपट दिग्दर्शित केला, तो १९६८ च्या या उठावावरच. कलाकृती म्हणून 'वॉकआउट' दुबळा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पात्रे भाषणात बोलतात, प्रसंग घाईने पुढे ढकलले जातात. रसिकतेचा काटा लावला तर पहिला चित्रपट कितीतरी वजनदार. पण दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो रसिकतेच्या काट्याने तोलता येत नाही. एकट्या माणसाच्या यशाची कथा सुबक का होते आणि समूहाच्या नकाराची कथा अवघडून का चालते? दोष दिग्दर्शकाचा की आपल्याला वारशाने मिळालेल्या कथेच्या साच्याचा? दलित आत्मकथनांपुढेही हा पेच आहे. 'मी' लिहिला की वाचक डोळे पुसतो, 'आम्ही' लिहिले की तो घड्याळ पाहतो.

एस्कलांतेच्या स्वतःच्या आयुष्यातही एक गोष्ट होती, जी या विषयाच्या गाभ्याची आहे आणि जिचा चित्रपटाने फारसा उपयोग केला नाही. तो बोलिव्हियातून आला तेव्हा तिथे वर्षानुवर्षे शिकवलेला शिक्षक होता. अमेरिकेने त्याची पात्रता मानली नाही. खानावळीत फरशी पुसत, मग एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत काम करत, त्याने पुन्हा पहिल्यापासून महाविद्यालयीन शिक्षण घेतले. शिक्षक म्हणून वर्गात पाय ठेवायला त्याला सुमारे दहा वर्षे लागली. म्हणजे दुसऱ्यांदा परीक्षा द्यायला लागलेला गारफील्डमधला पहिला माणूस तो स्वतःच. जी मुले फेरपरीक्षेला बसली, त्यांचा अपमान त्याला पुस्तकातून कळला नव्हता. आणि याच माणसाने १९९७-९८ मध्ये कॅलिफोर्नियात द्विभाषिक शिक्षण बंद करण्याच्या मोहिमेचे मानद अध्यक्षपद स्वीकारले, ही गोष्टही लपवता येत नाही. १९६८ च्या मुलांची एक प्रमुख मागणी त्याने अशी पुसायला हातभार लावला. मोठी माणसे अशी दुभंगलेली असतात. २०१० मध्ये तो वारला, २०१६ मध्ये त्याच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. तिकिटावर दुभंग मावत नाही.

आता परीक्षेच्या दाराविषयी. हे दार कोणासाठी बांधले होते? १९५० च्या दशकाच्या आरंभी फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशाने अँडोव्हर, एक्सेटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन श्रीमंत खाजगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे एकत्र बसली. त्यांची चिंता अशी की अशा शाळांतून आलेल्या हुशार मुलांना विद्यापीठात तोच अभ्यास पुन्हा करावा लागतो, त्यांचा वेळ वाया जातो. त्यातून ही योजना निघाली. १९५६ मध्ये कॉलेज बोर्डाने पहिल्या परीक्षा घेतल्या तेव्हा सुमारे शंभर शाळांतली बाराशेच्या आसपास मुले बसली होती. दोनच वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला होता. एका बाजूला काळ्या मुलाला शाळेच्या फाटकातून आत जाण्यासाठी न्यायालयात जावे लागत होते, दुसऱ्या बाजूला अभिजनांच्या मुलांचे एक सत्र वाया जाऊ नये म्हणून समित्या बसत होत्या.

वरच्या थरातल्या थोड्यांना उत्तम शिकवा, ते खाली झिरपेल, हा सिद्धांत आपल्याला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्याचेच वाभाडे काढले होते: रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची पोरे अडाणी राहतात. बरोबर शंभर वर्षांनी गारफील्डच्या मुलांनी त्या झिरपत्या शिक्षणाच्या टाकीलाच हात घातला. टाकीच्या राखणदारांना चोरीचा संशय आला यात नवल ते काय?

दार उघडे असणे आणि दारापर्यंत रस्ता असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९९९ मध्ये 'डॅनियल विरुद्ध कॅलिफोर्निया राज्य' हा दावा दाखल झाला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या इंगलवूड हायस्कुलात या दर्जाचे तीन विषय शिकवले जात, श्रीमंतांच्या बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत चौदा. आणि राज्याचे विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी या विषयांना जादा गुण देत होते. म्हणजे जो विषय तुमच्या शाळेत शिकवलाच जात नाही, त्यात तुम्ही कमी पडलात म्हणून तुम्ही मागे. याला ते गुणवत्ता म्हणतात! आपल्याकडे विज्ञान शाखा नसलेल्या तालुक्यातल्या मुलीला वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत न दिसल्याबद्दल दोष देणारे जे आहेत, त्यांचे हे परदेशी भाऊबंद.

आणि गरिबांची पोरे दारातून आत येऊ लागली तेव्हा काय झाले? डार्टमथ कॉलेजने २०१३ मध्ये जाहीर केले की २०१४ पासून प्रवेश घेणाऱ्यांना या परीक्षांचे श्रेयांक मिळणार नाहीत. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरातल्या आठ नामांकित खाजगी शाळांनी हे अभ्यासक्रम सोडून देण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या निवेदनातले एक कारण असे की देशातली इतकी मुले हे विषय घेऊ लागली आहेत की आता त्यांना काही वेगळेपण उरलेले नाही. शैक्षणिक कारणेही त्यांनी दिली, ती सगळी खोटी नाहीत. एका परीक्षेसाठी घोकंपट्टी करवणारे शिक्षण वाईटच. पण ती घोकंपट्टी साठ वर्षे खटकली नाही, गर्दी झाल्यावर खटकली. पाणवठा बाटला की वरची आळी नवी विहीर खणते, हे महाडनंतर आपण आपल्या गावागावांत पाहिले आहे.

१९७४ मध्ये, एस्कलांते गारफील्डला आला त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजने आपल्याच आवारात एक हायस्कूल सुरू केले, शाळा सोडून जाण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी. हुशारांसाठी नव्हे. मुलाला महाविद्यालयाच्या वातावरणात आणून बसवा, तिथले तास करू द्या, श्रेयांक मिळू द्या, म्हणजे तो टिकेल, असा विचार. मला हा विचार मे महिन्यातल्या एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा अधिक माणुसकीचा वाटतो. त्याच्यावर कोणी गाजलेला चित्रपट काढला नाही. त्यात फेरपरीक्षा नाही, खलनायक नाही, टाळ्यांची जागा नाही.

शेवटचा प्रश्न श्रेयांकाच्या आशयाचा आहे. एस्कलांतेने मुलांना जे मिळवून दिले ते कॅल्क्युलसचे श्रेयांक. कॅल्क्युलसला जात नसते, वर्ण नसतो. उत्तर बरोबर असले की परीक्षकाला शेवटी मान खाली घालावी लागते. म्हणूनच ती मुले जिंकू शकली. १९६८ च्या मुलांची दुसरी मागणी, आमचा इतिहास शिकवा ही, कॅल्क्युलसने पुरी होत नाही. तिथे उत्तर कोणते बरोबर हे ठरवणाराच वादाचा एक पक्ष असतो.

या मागणीचा हिशेब अगदी अलीकडे झाला. २०२२ मध्ये कॉलेज बोर्डाने आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास हा विषय प्रायोगिक म्हणून साठेक शाळांत सुरू केला. परीक्षा सुरू होऊन सहासष्ट वर्षांनी! जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने तो नाकारला. फेब्रुवारीत अभ्यासक्रमाचा नवा आराखडा आला तेव्हा किंबर्ले क्रेनशॉ, बेल हुक्स यांच्यासारख्यांची नावे गळाली होती आणि 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' हा विषय ऐच्छिक झाला होता. फ्लोरिडाच्या दडपणाने हे केले नाही, असे बोर्डाचे म्हणणे. अभ्यासकांना ते पटले नाही, त्यांनी आवाज उठवला, वर्षअखेरीस आराखडा पुन्हा बदलला आणि २०२४ पासून विषय नियमित सुरू झाला. १९७२ मध्ये ज्या काळ्या चळवळीचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या इतिहासाचे श्रेयांक मिळायला तिच्याच देशात एवढा काळ लागला. आणि मिळाले तेही गाळून. आमच्या आत्मकथनांतली पाने पाठ्यपुस्तकात घेतानाही हीच गाळणी लावली जाते. भूक चालते, आईचे कष्ट चालतात, संताप चालत नाही. गाव नाव घेऊन आला तर अजिबात चालत नाही.

आर्कान्सा राज्यात तर ऑगस्ट २०२३ मध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, शिक्षण खात्याने कळवले की या विषयाचे श्रेयांक शालान्त पदवीसाठी धरले जाणार नाहीत. हा विषय घेणाऱ्या शाळांत लिटल रॉकचे सेंट्रल हायस्कूल होते. १९५७ मध्ये याच शाळेत नऊ काळ्या मुलांना आत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना सैनिक पाठवावे लागले होते. सेंट्रल हायस्कुलाने सांगितले की श्रेयांक मोजा अथवा मोजू नका, विषय शिकवला जाईल. शाळा उघडली आणि मुले त्या वर्गात येऊन बसली.